डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हा : एका डोळ्याचं ऑपरेशन आणि दुसऱ्याची राखण

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून दादा घरी आला आणि म्हणाला, डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगताहेत. गुलाल गेला असणार, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं. डोळे धुतले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं "एलर्जी है, दिन में तीन बार डालो" म्हणून थेंब दिले. रात्री अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतंय, हे दादानं दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी सकाळी वहिनीनं पोह्यांची बशी पुढे ठेवली, तर डाव्या डोळ्यानं त्याला ती अर्धीच दिसली. तेव्हा आम्ही धावलो. पडदा सुटला होता, नजरेचा मधला भागही त्याच्याबरोबर गेला होता.

त्याच वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उजव्या डोळ्यात तशीच वीज चमकली. या वेळी दोन तासांत आम्ही दवाखान्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. आज डाव्या डोळ्यानं दादाला तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी दिसतात, उजव्या डोळ्यानं तो पेपर वाचतो. माणूस एक आणि आजारही एकच. त्या पाच दिवसांसाठीच हा लेख लिहितो आहे.

मी डॉक्टर नाही. दोन ऑपरेशनं, एक तेल काढणं, एक मोतीबिंदू आणि असंख्य तपासण्यांना दादाबरोबर बसलेला भाऊ आहे. डॉक्टरांना विचारून, पुन्हा पुन्हा विचारून जे नीट समजलं ते क्रमानं मांडतो.

नेमकं काय सुटतं

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला पातळ पडदा म्हणजे रेटिना, पुस्तकी मराठीत दृष्टिपटल. चित्र उमटतं ते त्याच्यावर. त्याच्या पाठीमागच्या थरांतून त्याला प्राणवायू आणि पोषण मिळतं. ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसा हा पडदा मागच्या थरापासून वेगळा झाला की त्याचा पुरवठा तुटतो आणि पेशी मरायला लागतात. पडद्याला वेदना कळत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, ठणकत नाही, आणि म्हणूनच घरातले सगळे "बघू उद्या" म्हणतात.

डोळ्याची पोकळी पारदर्शक जेलीनं भरलेली असते. वय वाढलं की ही जेली पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून मोकळी होते. पन्नाशी-साठीनंतर हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण कुठे ती घट्ट चिकटलेली असेल तर सुटताना पडद्याला ओढते. तेव्हा वीज चमकते. ओढता ओढता पडदा फाटला तर त्या फाटीतून पातळ झालेली जेली मागे शिरते आणि पडदा उचलला जातो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी हे सिद्ध केलं, की सगळ्याचं मूळ ती फाट आहे, ती शोधून बंद केली तर पडदा परत बसतो. १९२० च्या दशकापर्यंत या आजाराचा रुग्ण जवळजवळ नक्कीच आंधळा होत असे. आजची सगळी ऑपरेशनं त्यांच्याच सूत्रावर चालतात : फाट शोधा, फाट बंद करा.

धोका कुणाला जास्त? मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना, विशेषतः वजा सहाच्या पुढे. अशांचा डोळा लांबट असतो आणि पडदा ताणलेला असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना, घरात कुणाचा पडदा सुटलेला असेल त्यांना. पडद्याच्या कडेला झिजून विरळ झालेले पट्टे असतात त्यांना. डॉक्टर त्याला लॅटिस म्हणतात. आणि एका डोळ्याचा पडदा सुटून गेलेल्यांना : साधारण दहांतल्या एकाचा पुढे-मागे दुसऱ्या डोळ्याचाही सुटतो. दादाचा नंबर वजा नऊ. लेझरनं चष्मा घालवला की धोकाही गेला असं अनेक तरुणांना वाटतं. तसं नाही. लेझर डोळ्याच्या पुढच्या काचेचा आकार बदलतं, मागचा लांबट डोळा तसाच राहतो.

पहिली पायरी : ज्या दिवशी दिसलं, त्याच दिवशी

अचानक वीज चमकणं, अचानक डासांचा थवा किंवा काजळीचा शिंतोडा उडाल्यासारखे काळे ठिपके, आणि एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली. ही तीन लक्षणं पाठ करा. वर्षानुवर्षं असलेला एखादा तरंगता धागा वेगळा, आज नव्यानं आलेले वेगळे. नव्यानं अशी लक्षणं आलेल्या दहा जणांतल्या एखाद-दुसऱ्यालाच पडद्याला फाट असते. पण ती आपल्याला आहे की नाही हे घरी कळायचा मार्ग नाही.

सावलीचं एक गणित आहे. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून पडदा वरच्या बाजूचा सुटला तर सावली खालून वर चढते. दादाला बशीचा खालचा भाग दिसेना, कारण पडदा वरून सुटला होता. वरचा पडदा सुटला की पाणी वजनानं खाली उतरतं आणि मधल्या भागावर लवकर पोचतं; म्हणून खालून वर चढणारी सावली अधिक घाईची.

घरी करायची तपासणी एवढीच : एक डोळा तळहातानं झाका, दुसऱ्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटी बघा. रेघा वाकड्या दिसतात का, एखादा कोपरा गायब आहे का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढतो, म्हणून माणसाला आठ-आठ दिवस कळत नाही.

मग निघायचं. मेडिकलमधले थेंब नाहीत, चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणं नाही. रेटिना बघणारे डॉक्टर आज आहेत का, एवढं फोनवर विचारा; मोतीबिंदू करणारे आणि पडद्याचं ऑपरेशन करणारे हे वेगळे तज्ज्ञ असतात. फोनवर "डोळा दाखवायचाय" म्हणाल तर परवाची वेळ मिळेल. "अचानक वीज चमकतेय आणि सावली आलीय, नंबर मोठा आहे" असं म्हणाल तर लगेच बोलावतील. खासगी परवडत नसेल तर इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल आहे, महात्मा गांधी मेडिकल कॉलेजशी जोडलेलं. तिथल्या नेत्रविभागात आधी विचारा.

स्कूटर स्वतः चालवू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, चार-सहा तास समोरचं धूसर आणि झगझगीत दिसतं. बरोबर जुना चष्म्याचा नंबर, चालू गोळ्यांची यादी, शुगर-बीपीचे कागद, आयुष्मान कार्ड किंवा विम्याची पॉलिसी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. ती सांगा, आणि काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तपासणीच्या खुर्चीवर

डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून बघतात आणि पापणीवरून बोथट सळईनं दाबतात. दाबल्यावर पडद्याची अगदी टोकाची कड आत येते आणि दिसते. दुखतं थोडं, पण फाट बहुतेकदा तिथेच लपलेली असते. दाबून बघितलं नसेल तर तपासणी अर्धीच झाली, असं मी आता मानतो. आत रक्त साकळून पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. मधला भाग चिकटलेला आहे की नाही ते ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनच्या, फोटोत कळतं.

कागदावर डॉक्टर वर्तुळ काढून रंग भरतात. लाल म्हणजे चिकटलेला पडदा, निळा म्हणजे सुटलेला, निळ्या रेघेनं वेढलेली लाल फाट. ते चित्र मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढा. दुसऱ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांशी बोलायची वेळ आली तर तेच चित्र सगळ्यात उपयोगी पडतं.

एकच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो स्पष्ट विचारा : "मॅक्युला चिकटलेला आहे की सुटला?" मॅक्युला म्हणजे पडद्याचा मध्य, वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्यावर. तो चिकटलेला असेल तर ऑपरेशन शक्यतो २४ तासांत, कारण तो आज रात्रीही सुटू शकतो. सुटला असेल तर घाई तासांची न राहता दिवसांची होते, आणि तरीही पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं तर आठवड्यानंतरपेक्षा नजर चांगली परत येते.

ऑपरेशनपर्यंत कसं पडून राहायचं हेही विचारा. पडदा ज्या बाजूनं सुटला ती बाजू खाली राहील असं झोपवतात, म्हणजे पाणी मध्याकडे सरकत नाही. दादाला तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री उशी काढून सपाट, उजव्या कुशीवर झोपायला सांगितलं. वहिनी रात्रभर शेजारी बसून होती, तो वळू नये म्हणून.

इथे एक मत मांडतो. असं काही झालं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मुंबईला न्या, चेन्नईला शंकर नेत्रालयात न्या. शंकर नेत्रालय १९७८ पासून आहे, त्याचे संस्थापक डॉ. बद्रीनाथ स्वतः पडद्याचे सर्जन होते, त्या नावाविषयी लोकांना श्रद्धा आहे आणि ती योग्यच आहे. पण मध्य अजून चिकटलेला असताना तिकीट, प्रवास, नंबर यांत तीन दिवस घालवले तर जगातला कुठलाही सर्जन ते तीन दिवस परत देऊ शकत नाही. इंदूरमध्ये अनुभवी रेटिना सर्जन आज ऑपरेशन करायला तयार असतील तर इथेच करा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सुटलेला, आक्रसलेला, अवघड पडदा असेल तर मोठ्या केंद्राचा विचार जरूर करा.

दोन्ही डोळे एकाच वेळी गेले तर

फाटीमुळे दोन्ही पडदे एकाच वेळी सुटलेले सापडणं दुर्मीळ असतं. तसं झालं तर आधी कोणता डोळा, याचं उत्तर सहसा असं असतं : ज्याचा मध्य अजून चिकटलेला आहे तो. जास्त बिघडलेला डोळा आधी दुरुस्त करावा असं घरच्यांच्या मनात येतं, पण बिघडलेला दोन-चार दिवस थांबू शकतो, चांगला थांबू शकत नाही. दोन्ही डोळे एका दिवशी क्वचितच करतात. जंतुसंसर्ग झालाच तर तो दोन्हींत होऊ नये म्हणून.

पण दोन्ही डोळ्यांत एकदमच धूसर झालं, वीज नाही, धागे नाहीत, वर डोकं दुखतंय, कानात आवाज येतोय, तर आजार वेगळा असू शकतो. डोळ्याच्या आतल्या सुजेनं पडद्याखाली पाणी साचतं. तिथे फाट नसतेच. उपचार स्टेरॉइडचा असतो, सुरीचा नाही. गरोदरपणात बीपी फार वाढलं तरी दोन्ही पडद्यांखाली पाणी होतं. ते बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतं, पण बीपीची धावपळ त्याच तासाला करायची असते. आणि जुन्या मधुमेहात पडद्यावर नवे नाजूक पापुद्रे वाढून ते पडद्याला ओढून सोडवतात. हे दोन्ही डोळ्यांत पुढे-मागे होतं आणि त्याचं ऑपरेशन जास्त नाजूक असतं. म्हणून "पडदा सुटलाय" एवढ्यावर थांबू नका, कशामुळे, हेही विचारा.

ऑपरेशन कोणतं

नुसती फाट असेल, पडदा अजून उचलला नसेल, तर फाटीभोवती लेझरचे ठिपके देतात किंवा गोठवणारी सळई लावतात. भोकाभोवती शिवण घालावी तसं. खुर्चीवर बसून होतं, तासात घरी. पण तो व्रण पक्का व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर जड उचलणं, धक्के टाळायला सांगतात.

फाट वरच्या भागात, एकच आणि छोटी असेल तर नुसता गॅसचा बुडबुडा टोचून, मान विशिष्ट कोनात ठेवून पडदा बसवता येतो. निवडक लोकांनाच हे चालतं.

बकल ही जुनी आणि आजही उत्तम पद्धत. डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवून भिंतच आत दाबतात, म्हणजे फाट भिंतीला टेकते. तरुण, नैसर्गिक भिंग असलेले डोळे, खालच्या बाजूची भोकं यांना ती विशेष मानवते. पट्टी कायम राहते, दिसत नाही. डोळा थोडा लांबतो म्हणून मायनस नंबर वाढतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

दादाच्या दोन्ही डोळ्यांना झाली ती व्हिट्रेक्टॉमी. १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी बंद डोळ्यात बारीक छिद्रांतून जेली काढायची पद्धत विकसित केली. आता ती छिद्रं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, तीन : एकातून पाणी, एकातून दिवा, एकातून कापणारं उपकरण. जेली काढायची, पडद्यामागचं पाणी ओढून घ्यायचं, फाटीभोवती लेझर मारायचं आणि पोकळीत गॅस किंवा सिलिकॉन तेल भरून पडदा आतून दाबून ठेवायचा. एक ते दोन तास. भूल बहुधा डोळ्यापुरतीच देतात; माणूस जागा असतो, आवाज ऐकू येतात, कधी सावल्या हलताना दिसतात. खोकला आला तर आधी सांगायचं, डोकं हलवायचं नाही. हे आदल्या दिवशीच समजावून सांगितलं तर टेबलावर घाबरायला होत नाही.

पहिल्याच ऑपरेशनात दहांतल्या साधारण साडेआठ-नऊ जणांचा पडदा बसतो. उरलेल्यांचाही पुढच्या ऑपरेशनांनी बहुतेक बसतो. पडदा बसणं आणि नजर परत येणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गॅस की तेल

दोन्ही डोळ्यांचा आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न नुसता वैद्यकीय नसतो, तो रोजच्या जगण्याचा असतो. गॅस आपोआप विरतो, दुसरं ऑपरेशन लागत नाही. पण बुडबुडा मोठा असेतो त्या डोळ्यानं उजेडापलीकडे फारसं दिसत नाही. एसएफ-६ नावाचा गॅस दोन-तीन आठवडे राहतो, सी३एफ८ नावाचा सहा ते आठ आठवडे. तेलातून दुसऱ्या दिवसापासून ओबडधोबड का होईना दिसतं, नंबर पाच-सहानं बदलतो, प्रवास करता येतो. पण साधारण तीन ते सहा महिन्यांनी ते काढायला पुन्हा टेबलावर जावं लागतं.

समजा दुसरा डोळा आधीच कामातून गेलेला आहे आणि घरी सोबत कुणी नाही. अशा माणसाच्या एकुलत्या चांगल्या डोळ्यात गॅस भरला तर तो दोन महिने जवळजवळ आंधळा होईल. अशा वेळी सर्जन तेलाचा विचार करतात. म्हणून घरची परिस्थिती त्यांना सांगा : कोण असतं, जिने किती, इन्सुलिन स्वतः टोचता का. दादाच्या डाव्या डोळ्यात तेल घातलं, फाटी तीन होत्या म्हणून. ते श्रावणात काढलं. उजव्यात गॅस, कारण फाट एकच, वरची, आणि तोवर डावा डोळा चालण्या-फिरण्यापुरता साथ देत होता.

पालथं पडण्याचे दिवस

गॅस हलका, तो वर तरंगतो. फाट ज्या जागी आहे ती जागा वर राहील असं डोकं ठेवलं की बुडबुडा तिथेच दाबतो. कुणाला पूर्ण पालथं, कुणाला कुशीवर, कुणाला नुसतं मान खाली. दिवसही तीनापासून दहापर्यंत. शेजाऱ्याला सांगितलेलं आपल्याला लागू नाही. उताणं झोपणं मात्र गॅस असेतो कुणालाच नको, बुडबुडा पुढे येऊन भिंगाला टेकतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो.

आम्हाला तासातली पन्नास मिनिटं मान खाली, दहा मिनिटं मोकळीक, असं पाच दिवस सांगितलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी दादा रडकुंडीला आला. मग हळूहळू घडी बसली. पलंगाच्या कडेला दोन लोड आडवे, त्यांच्या मधल्या फटीत चेहरा, खाली जमिनीवर चौरंग आणि त्यावर मोबाईल. पुतणीनं त्यात गाणी लावून दिली. बसायचं तेव्हा जेवणाच्या टेबलावर गुंडाळलेला टॉवेल, त्यावर कपाळ. डोळ्यावर भार अजिबात येऊ द्यायचा नाही, कपाळ आणि गालाच्या हाडावर. कोपर-गुडघ्यांखाली मऊ गोधडी, नाहीतर कातडं सोलवटतं. पावलं दर तासाला हलवायची, पोटऱ्या दाबायच्या. एकाच जागी पडून पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. पाणी स्ट्रॉनं. जेवण चमच्यानं उचलता येईल असं : मऊ खिचडी, वरण-भात, शेव न घातलेले पोहे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्यानं डोळ्यावर ताण येतो, रात्री इसबगोल.

थेंबांचा तक्ता करून फ्रिजवर लावा : अँटिबायोटिक, स्टेरॉइड, बाहुली मोठी ठेवणारे, कधी दाब उतरवणारे. दोन थेंबांत पाच-दहा मिनिटांचं अंतर. स्टेरॉइडचे थेंब सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे, मनानं सोडायचे नाहीत. आणि दोन्ही डोळ्यांचे थेंब वेगळे असतील तर बाटल्यांना वेगळ्या रंगाचं रबर लावा. वहिनीनं डावीला हिरवं, उजवीला लाल लावलं होतं.

थोडी टोचणी, लाली, चिकटपणा चालतो. ठणका, उलटी, डोकं फुटेल असं दुखणं, अचानक नजर कमी होणं, पू, किंवा पुन्हा सावली : यांपैकी काहीही आलं तर रात्री दोन वाजता सुद्धा फोन करायचा. सकाळची वाट नाही.

घाट, विमान आणि हसवणारा वायू

ही गोष्ट इंदूरकरांना फार कमी ठाऊक असते. बुडबुडा डोळ्यात असताना विमानात बसलं तर केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, साधारण दोन हजार मीटर उंचीच्या पहाडावर असावा तसा. गॅस फुगतो, डोळ्याचा दाब प्रचंड वाढतो आणि आतला रक्तपुरवठा थांबून नजर कायमची जाऊ शकते. म्हणून विमान पूर्ण बंद, डॉक्टर "गॅस संपला" म्हणेपर्यंत.

पण इंदूर स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. मुंबई किंवा बडोदा जवळपास समुद्राच्या पातळीवर. तिथे ऑपरेशन करून, डोळा गॅसनं भरलेला असताना परत माळव्यात चढायचं, तर हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो आणि गॅस त्या मानानं फुगू बघतो. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसमध्ये रात्रभर बसून येणंही त्यात आलं. सर्जनला "मी इंदूरला परत जाणार, इतकी उंची आहे, कधी निघू?" असं नाव घेऊन विचारा. ते गॅसचं प्रमाण, परतीची तारीख किंवा तेल, यांतलं काहीतरी बदलतील. पचमढी तर हजार मीटरच्या वर. गॅस असेतो नकोच. त्या डिसेंबरात आमच्याकडचं एक लग्न पुण्याला होतं. दादा गेला नाही, मी त्याच्याबरोबर थांबलो.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो हसवणारा वायू, बुडबुड्यात शिरून त्याला असाच फुगवतो. मधेच अपघात झाला, दात काढायचा झाला तर "डोळ्यात गॅस आहे" हे सांगायलाच हवं. दवाखान्यातून मनगटाला पट्टा देतात, तो अंघोळीलाही काढू नका. दिला नसेल तर मागा.

बुडबुडा लहान होत जातो तो रुग्णाला स्वतःला दिसतो. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्यासारखी रेघ हलते. खरं तर तो डोळ्यात वर असतो, पण दिसतो खाली, कारण चित्र उलटं. रेघ रोज थोडी खाली उतरते, वरून स्वच्छ दिसायला लागतं, मग तो गोल होतो, चिंचोक्याएवढा, मण्याएवढा. संक्रांतीच्या आठवड्यात दादाचा मणी नाहीसा झाला.

पुढचं वर्ष

पडदा पुन्हा सुटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. पडद्यावर व्रणाचे पापुद्रे येऊन तो आक्रसतो, हे त्याचं मुख्य कारण. सर्जनची चूक किंवा रुग्णानं मान हलवली म्हणून झालं, असं म्हणून घरात एकमेकांना बोल लावू नका. तपासण्या दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी. तेल असेल तर दाबही बघतात. तेल काढल्यावर पुन्हा काही आठवडे धाकधुकीचे.

पन्नाशीपुढच्या डोळ्यात व्हिट्रेक्टॉमीनंतर मोतीबिंदू एक-दोन वर्षांत येतोच असं समजून चाला. नजर सुधारता सुधारता पुन्हा धुकं आलं तर आधी मोतीबिंदू आठवा, पण ठरवायचं तपासूनच. दादाच्या डाव्या डोळ्याचा तेल काढतानाच काढला.

मध्य सुटलेल्या डोळ्याची नजर वर्षभर थोडी थोडी सुधारत राहते. रेघा वाकड्या, वस्तू लहान दिसणं, खोलीचा अंदाज चुकणं हे राहू शकतं. दादा सुरुवातीला चहा कपाबाहेर ओतायचा. आता किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवतो, मग ओततो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. स्कूटर बंद. सगळे उपचार संपूनही चांगल्या डोळ्याची नजर, योग्य चष्मा लावून, ६/१८ पेक्षा कमी राहिली (म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरूनही दिसेना) तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अल्पदृष्टीच्या प्रमाणपत्रासाठी, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. त्यात कमीपणा मानू नका.

दुसऱ्या डोळ्याची राखण

पहिल्या डोळ्याच्या धावपळीत हे राहून जातं, म्हणून वेगळं लिहितो. पहिल्या ऑपरेशनच्या त्याच आठवड्यात दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी करून, दाबून, कडेपर्यंत तपासणी झाली पाहिजे. फाट, भोक, धोक्याचा लॅटिस असेल तर लेझर. दादाच्या उजव्या डोळ्याला चैत्रातच लेझर झालं होतं. तरी कार्तिकात सुटला, कारण नवी फाट तोवर धडधाकट दिसणाऱ्या जागी पडली. लेझरनं धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून वर्षातून एकदा तपासणी, आणि रोज सकाळी दात घासल्यावर एक-एक डोळा झाकून कालनिर्णयच्या चौकटी. ती सवय होती, म्हणून त्या संध्याकाळी वीज चमकल्याबरोबर दादा स्वतः म्हणाला, "चल, निघू."

सख्ख्या भावंडांचे आणि मुलांचे डोळेही दाखवून घ्या, विशेषतः मोठ्या नंबरचे. माझे ठीक निघाले. पुतणीचा नंबर वजा सात. तिच्या डाव्या डोळ्यात खालच्या कडेला एक गोल भोक सापडलं. भोवती लेझर झालं, वीस मिनिटांत. बाहेर दादा काळा चष्मा लावून बसला होता, तिच्या गोळ्यांची चिठ्ठी उजव्या डोळ्याजवळ धरून वाचत.